पिल्लाचं पोट फुगलंय? दरवेळी जंतच नसतात, लिव्हरही तपासून घ्या

सिल्लोड : आठ महिन्यांचं लॅब्राडॉर जातीचं पिल्लू. शेतवस्तीवर राखणीला म्हणून आणलेलं. पहिले दोन-तीन महिने अंगाने चांगलं भरलं, मग वाढ जणू थांबलीच. पाठीचा कणा हाताला लागायला लागला, मांड्या सुकल्या, पण पोट मात्र नगाऱ्यासारखं तट्ट. घरच्यांनी तीन वेळा जंताचं औषध पाजलं. पहिल्यांदा मेडिकलवाल्याने दिलेलं, दुसऱ्यांदा शेजारच्या मळ्यातून आणलेलं आणि तिसऱ्यांदा शेळ्यांसाठी आणलेल्या बाटलीत उरलं होतं ते. पोट काही उतरलं नाही. शेवटी दवाखान्यात नेलं तेव्हा डॉक्टरांनी पोटाला बारीक सुई लावली आणि सिरिंजमध्ये आलं ते जवळजवळ पाण्यासारखं स्वच्छ पाणी.

ते जंत नव्हते. जलोदर होता. माणसाला होतो तसाच कुत्र्यालाही होतो आणि त्यामागे बऱ्याचदा लिव्हरचं दुखणं असतं. गावाकडे दारू पिणाऱ्या माणसाचं पोट असं फुगलं की लोक लगेच ओळखतात. पण वर्षाच्या आतल्या पिल्लाचं लिव्हर खराब होईल हे कुणाच्या मनातही येत नाही. म्हणून जंताच्या औषधाच्या बाटल्या संपत जातात आणि जे महिने उपचाराला मिळायला हवे होते ते निघून जातात.

यात दोष एकट्या मालकाचा नाही. तालुक्याच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात रांग असते ती गायी-म्हशींची. कुत्रं घेऊन गेलेल्या माणसाकडे लोक हसून बघतात. त्यामुळे कुत्र्याचं दुखणं घरच्या घरी निस्तरायची सवय पडली आहे.

जंताचं पोट आणि पाण्याचं पोट

लहान पिल्लांना जंत असतातच, हेही खरं. आईच्या पोटातूनच गोल जंताच्या अळ्या पिल्लात येतात. म्हणून पिल्लू दोन आठवड्यांचं झालं की जंताचं औषध सुरू करायचं, तीन महिन्यांपर्यंत दर पंधरा दिवसांनी, पुढे सहा महिन्यांचं होईपर्यंत महिन्याला आणि नंतर दर तीन महिन्यांनी द्यायचं, असा साधारण पाठ आहे. औषध कुत्र्याचं आणि वजनावर मोजलेलं हवं. दीड-दोन महिन्यांच्या पिल्लाचं पोट दूध पिल्यावर गोल दिसतं, जंत असले तर जास्तच दिसतं, पण योग्य औषध दिल्यावर काही दिवसांत फरक पडतो.

पाण्याचं पोट वेगळं. ते कुत्रं उभं असताना खालच्या बाजूला लोंबतं, नासपतीच्या आकाराचं दिसतं. एका कुशीवर तळहात ठेवून दुसऱ्या कुशीवर बोटाने टिचकी मारली तर पाण्याची लाट या हाताला जाणवते. भरलेल्या पखालीला टिचकी मारल्यावर लागते तशी. पोट वाढतं आणि त्याच वेळी कंबर, बरगड्या, कणा उघडा पडत जातो. वजनकाट्यावर मात्र वजन घटलेलं दिसत नाही, कारण मांस गेलेलं असतं आणि त्याच्या जागी पाणी भरलेलं असतं. इथेच अनेक जण फसतात.

अचानक, तासाभरात ढोलासारखं फुगलेलं पोट, सोबत नुसतीच उबळ आणि तळमळ, ही तिसरीच गोष्ट. मोठ्या जातीच्या कुत्र्यात जठराला पीळ पडून गॅस कोंडल्याने तसं होतं. तिथे दुसऱ्या दिवसाची वाट बघायची नसते, त्याच तासाला दवाखाना गाठायचा असतो.

पोटात पाणी होण्याला लिव्हरशिवायही कारणं आहेत. हृदय कमजोर असलं तरी पाणी साठतं. आकड्या जंतांनी रक्त शोषून अंगातलं प्रथिन खूप घटवलं तरी साठतं, तेव्हा हिरड्या पांढऱ्याफटक दिसतात. म्हणजे जंताचं औषध देणं चूक नाही. पण दोनदा देऊनही पोट तसंच राहिलं तर तिसरी बाटली उघडायची नाही, एवढं पक्कं धरावं.

पाटाचं पाणी अडलं की काय होतं

लिव्हर म्हणजे यकृत, खाटकाच्या दुकानात जिला कलेजी म्हणतात ती. शरीरातल्या इतर अवयवांना शुद्ध रक्त एका वाटेने येतं, लिव्हरला मात्र दोन वाटांनी येतं. हृदयाकडून येणारं साधारण पाव हिस्सा. उरलेलं पाऊण हिस्सा येतं पोटाकडून. जठर, आतडी, प्लीहा, स्वादुपिंड या सगळ्यांतून निघालेलं रक्त एका मोठ्या शिरेत गोळा होतं आणि ती शीर थेट लिव्हरमध्ये शिरते. तिला पोर्टल शीर म्हणतात. खाल्लेल्या अन्नातलं चांगलं-वाईट सगळं या वाटेने आधी लिव्हरपुढे येतं. तिथे ते निवडलं जातं, विषारी असेल ते निकामी केलं जातं आणि मगच रक्त हृदयाकडे सोडलं जातं.

शेतकऱ्याला हे समजायला अवघड नाही. पोर्टल शीर म्हणजे मुख्य पाट समजा. लिव्हरच्या आत गेल्यावर त्या पाटाचे दंड होतात, दंडातून सऱ्या निघतात आणि पाणी प्रत्येक वाफ्यात झिरपतं. आता सऱ्यांत गाळ भरला, किंवा मुळातच सऱ्या पाडल्या नाहीत, तर पाणी पुढे सरकत नाही. पण मागून येणारं पाणी थांबत नाही. पाट तुंबतो, त्याच्या कडा ओल्या होतात, आजूबाजूचं रान चिबाड होतं. नेमकं हेच कुत्र्याच्या पोटात होतं. पोर्टल शिरेतला दाब वाढतो, रक्तातलं पाणी शिरांच्या बाहेर पाझरतं आणि पोटाच्या पोकळीत साठत जातं. लिव्हर बिघडल्याने रक्तातलं अल्ब्युमिन नावाचं प्रथिन कमी तयार होतं. हे प्रथिन पाणी शिरेत धरून ठेवतं. ते घटलं की पाझर आणखी वाढतो.

या दाब वाढण्याला पोर्टल हायपरटेन्शन म्हणतात. माणसाचा हातावर पट्टा बांधून मोजतात त्या बीपीशी याची गल्लत नको. हा दाब फक्त पोटातल्या या एका शिरेपुरता असतो.

पाट फार दिवस तुंबला की पाणी कुठेतरी बांध फोडून वाट काढतंच. शरीरही तसंच करतं. आतड्याकडचं रक्त हृदयाकडे नेण्यासाठी डाव्या मूत्रपिंडाच्या आसपास आणि इतरत्र बारीक, नागमोडी शिरांचं जाळं उघडतं. दाब थोडा हलका होतो, पण आतड्यातलं रक्त आता लिव्हरला वळसा घालून न गाळताच पुढे जातं. त्यात अमोनिया असतो, आतड्यातल्या जंतूंनी तयार केलेली इतर घाण असते. ती मेंदूपर्यंत पोहोचते.

पिसाळलं म्हणून मारू नका

या दुखण्यातला सगळ्यात वाईट गैरसमज इथे होतो. मेंदूवर परिणाम झाला की पिल्लू एकाच जागी गोल गोल फिरतं. भिंतीला नाहीतर कोपऱ्यात डोकं दाबून उभं राहतं. हाक मारली तरी ओळखत नाही, आंधळ्यासारखं खुर्चीला धडकतं, तोंडातून लाळ गळते, कधी झटके येतात. वस्तीवर असं कुत्रं दिसलं की पहिला शब्द निघतो, पिसाळलं. दुसरा शब्द काय निघतो ते सांगायला नको.

फरक असा की लिव्हरमुळे होणारी ही भ्रमिष्ट अवस्था येते आणि जाते. बऱ्याचदा भरपेट खाल्ल्यावर, त्यातही मटण-मांसाचे तुकडे खाल्ल्यावर दोन-चार तासांत येते आणि दुसऱ्या दिवशी कुत्रं बरं दिसतं. असं आठवड्यात, महिन्यात पुन्हा पुन्हा होतं. रेबीज झालेलं कुत्रं असं मधूनमधून बरं होत नाही. लक्षणं दिसल्यापासून साधारण दहा दिवसांत ते मरतंच.

तरीही घरच्या घरी निवाडा करायचा नाही. लस नसलेलं कुत्रं असेल तर ते रेबीजच धरून वागायचं. तोंडात हात घालायचा नाही, लहान मुलांना जवळ जाऊ द्यायचं नाही, खोलीत किंवा गोठ्यात कोंडून डॉक्टरांना बोलवायचं. चावलं किंवा लाळ जखमेवर लागली तर साबणाने पंधरा मिनिटं जखम धुऊन त्याच दिवशी लस घ्यायची. डॉक्टरांना मात्र एक गोष्ट आठवणीने सांगायची, हे खाल्ल्यावर होतं का, आणि याआधी झालं होतं का. या एका उत्तरावर तपासाची दिशा बदलू शकते. मोबाइलवर दोन मिनिटांचा व्हिडिओ काढून ठेवला तर फारच चांगलं, कारण दवाखान्यात पोहोचेपर्यंत कुत्रं अनेकदा ठीक झालेलं असतं.

एवढ्या लहान वयात का?

कारणं दोन तऱ्हेची आहेत, जन्माची आणि नंतर लागलेली.

जन्माच्या कारणांतही दोन प्रकार आहेत आणि त्यांची सरमिसळ जिवावर बेतते. पहिला प्रकार म्हणजे पाटालाच जन्मतः भगदाड. पिल्लू आईच्या पोटात असताना रक्ताला लिव्हर टाळून जाणारी वाट असते, ती जन्मानंतर काही दिवसांत बंद व्हायला हवी. कधी ती तशीच उघडी राहते, कधी भलतीच एखादी शीर जोडलेली असते. याला शंट म्हणतात. पग, माल्टीज, यॉर्कशायर टेरियर अशा छोट्या जातींत ही शीर लिव्हरच्या बाहेर असते. लॅब्राडॉर, गोल्डन रिट्रीव्हर अशा मोठ्या जातींत ती लिव्हरच्या आत असते. यात रक्त मोकळं वाहत असल्यामुळे दाब वाढत नाही आणि पोटात सहसा पाणीही होत नाही. पण पिल्लू खुजं राहतं, भावंडांच्या निम्मं दिसतं, खाल्ल्यावर भ्रमतं. कधी लघवीत खडे सापडतात. नसबंदीच्या ऑपरेशनला दिलेली भूल उतरायला फार वेळ लागला आणि तेव्हा पहिल्यांदा शंका आली, असंही होतं.

दुसऱ्या प्रकारात लिव्हरच्या आतल्या बारीक पोर्टल शिरा नीट तयारच झालेल्या नसतात, किंवा आत जन्मतःच धाग्यासारख्या तंतूंची दाटी असते. म्हणजे सऱ्याच पाडलेल्या नाहीत. इथे दाब वाढतो, पोटात पाणी येतं आणि वर सांगितलेलं नागमोडी शिरांचं जाळं उघडतं. जर्मन शेफर्ड, डॉबरमन, रॉटवायलर अशा मोठ्या जातींत एक ते चार वर्षांच्या वयात हे दिसतं. त्याखेरीज तरुण कुत्र्यांत लिव्हरला झपाट्याने सूज येऊन आत तंतूंचे पडदे पडण्याचा एक आजार आहे, त्यात दुखणं महिन्या-दोन महिन्यांत हाताबाहेर जाऊ शकतं.

पहिल्या प्रकारात ऑपरेशन करून ती एक चुकीची शीर हळूहळू बंद केली तर पिल्लू बरं होऊ शकतं. दुसऱ्या प्रकारातलं शिरांचं जाळं मात्र बंद करायचं नसतं. ती तुंबलेल्या पाटाची सांडवाट आहे. ती बुजवली तर दाब एकदम चढून कुत्रं दगावतं. दोन्हींत रक्त लिव्हर टाळूनच जातं, पण एकात वाट बंद करायची आणि दुसऱ्यात तिला हात लावायचा नाही. म्हणूनच सोनोग्राफी आणि जमलं तर लिव्हरचा तुकडा तपासल्याशिवाय ऑपरेशनची गोष्ट काढू नये.

गावठी कुत्र्याला हे होत नाही असं म्हणायची पद्धत आहे. ते खरं नाही. फरक इतकाच की गावठी पिल्लू खुरटलं आणि मेलं तर कुणी दवाखान्यात नेत नाही, त्यामुळे त्याची नोंदच होत नाही.

काळी पडलेली कणसं कुणाच्या ताटात

नंतर लागणाऱ्या कारणांत आपल्या पट्ट्यासाठी सगळ्यात महत्त्वाचं कारण घराच्या ओसरीवरच असतं. सिल्लोड, कन्नड, फुलंब्री भागात आता कपाशीच्या बरोबरीने मका आहे. परतीचा पाऊस लांबला की उभ्या कणसाला बुरशी लागते, सोंगून ठेवलेल्या ढिगाला आतून वाफ धरते. चांगला माल मोंढ्यात जातो. व्यापाऱ्याने नाकारलेला काळपट, हिरवट मका भरडून गुरांपुढे, कोंबड्यांपुढे आणि शिजवून कुत्र्यापुढे जातो. पिवळसर हिरव्या भुकटीसारखी दिसणारी ही बुरशी अफ्लाटॉक्सिन नावाचं विष तयार करते. ते थेट लिव्हरवर घाव घालतं. कुत्रं या विषाला फार हळवं आणि पिल्लू त्याहून जास्त. भाकरी भाजली, भरडा तासभर शिजवला, तरी हे विष जात नाही. बुरशी झटकून दाणे पुसले तरी जात नाही. शेंगदाण्याच्या आणि सरकीच्या पेंडीतही ते असू शकतं.

आपल्या शेजारच्या राज्यांत याचा मोठा दाखला आहे. १९७४ च्या पावसाळ्यानंतर गुजरातमधला पंचमहाल आणि राजस्थानमधला बांसवाडा या जिल्ह्यांत आदिवासी गावांमध्ये एक विचित्र कावीळ पसरली. आपल्याकडच्या सातपुड्यासारखीच तिथेही मक्याची भाकरी हेच रोजचं अन्न. आधी दुष्काळ, मग काढणीच्या तोंडावर अवकाळी पाऊस, आणि मका ठेवायला कोरडी जागा नाही. दोनशेच्या आसपास गावांत ३९७ माणसं आजारी पडल्याची आणि त्यातली १०६ दगावल्याची नोंद झाली. अंगावर कावीळ, भराभर पाण्याने भरणारं पोट आणि पोर्टल शिरेतला वाढलेला दाब, ही लक्षणं. त्याच घरांतली, तीच भाकरी खाणारी कुत्रीही कावीळ आणि जलोदर होऊन मेली. अंगावर पिणारी बाळं मात्र वाचली, कारण ती मका खात नव्हती. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेच्या शास्त्रज्ञांनी त्या मक्याचे नमुने तपासले तेव्हा किलोमागे ६ ते १५ मिलिग्रॅमपर्यंत अफ्लाटॉक्सिन निघालं. आज आपल्याकडे धान्यासाठी मर्यादा आहे किलोमागे १५ मायक्रोग्रॅम. म्हणजे त्या मक्यात आजच्या मर्यादेच्या चारशे ते हजारपट विष होतं.

तयार डॉगफूडची पिशवी आणली म्हणजे सुटलो, असंही नाही. अमेरिकेत २०२० च्या अखेरीस मक्यातल्या अफ्लाटॉक्सिनमुळे कुत्र्यांचं खाद्य बाजारातून परत मागवावं लागलं. त्याच्याशी संबंध असू शकेल अशा ११० हून जास्त कुत्र्यांच्या मृत्यूची नोंद तिथल्या अन्न व औषध प्रशासनाने केली होती. पिशवी फोडल्यावर तोंड बांधून कोरड्या जागी ठेवायची, दमट वास आला तर टाकून द्यायची.

मका नीट वाळला का हे बघायला एक सोपी तऱ्हा आहे. कोरडी काचेची बाटली घ्यायची, पाव भागापर्यंत मक्याचे दाणे टाकायचे, त्यात दोन-तीन चमचे कोरडं मीठ घालायचं, बूच लावून दोन-तीन मिनिटं हलवायची आणि थोडा वेळ ठेवायची. मीठ बाटलीच्या आतल्या बाजूला चिकटलं तर ओल साधारण १५ टक्क्यांच्या वर आहे. तो माल पोत्यात भरायचा नाही. मीठ मोकळं राहिलं तरी आणखी एक-दोन उन्हं द्यायला हरकत नाही, कारण साठवणुकीला ओल १२-१३ टक्क्यांपर्यंत उतरलेली बरी. आणि बुरशीचा मका कुणालाच घालायचा नाही. दुभत्या गाईला घातला तर त्या विषाचा अंश दुधात उतरतो आणि फिरून घरातल्याच पोरांच्या पेल्यात येतो.

उंदीर, गोचीड आणि तापाची गोळी

कुत्र्याच्या लिव्हरला सुजवणारा एक विषाणू आहे, तो पिल्लांनाच जास्त धरतो. ताप, पोटदुखी, कधी बरं होताना एका डोळ्यावर निळसर पडदा येतो. यातून अर्धवट वाचलेल्या कुत्र्यात पुढे लिव्हरचा जुनाट आजार राहू शकतो. याची लस पिल्लांच्या एकत्रित लसीत असते. सहा ते आठ आठवड्यांपासून सुरुवात करून सोळा आठवड्यांपर्यंत तीन-चार आठवड्यांच्या अंतराने ती घ्यायची असते. आपल्याकडे रेबीजची लस टोचली की लोक म्हणतात, झालं सगळं. ती लस वेगळी, ही वेगळी.

दुसरा लेप्टो. उंदराच्या लघवीतून साचलेल्या पाण्यात येतो. कुत्र्याचं लिव्हर आणि मूत्रपिंड दोन्ही धरतो आणि कुत्र्याच्या लघवीतून माणसालाही होऊ शकतो. म्हणून डोळे-हिरड्या पिवळ्या पडलेल्या कुत्र्याची घाण काढताना हातात मोजे हवेत, पायाला जखम असेल तर जास्तच जपायचं. गोचिडांमुळेही कुत्रं पिवळं पडतं, पण तिथे बऱ्याचदा आधी रक्तपेशी फुटलेल्या असतात. पिवळेपणा दिसला म्हणजे दरवेळी लिव्हरच, असं धरून चालत नाही. रक्त तपासावं लागतं.

आणि घरातली पॅरासिटामॉल. पिल्लू तापलं की अर्धी गोळी भाकरीत दाबून द्यायची ही सवय फार ठिकाणी आहे. कुत्र्याच्या लिव्हरला ती घातक ठरू शकते. आयब्युप्रोफेन, डायक्लोफिनॅक यांनी जठरात जखमा होऊन रक्तस्राव होतो. पोर्टल दाब वाढलेल्या कुत्र्याचं जठर आधीच नाजूक झालेलं असतं, तिथे अशी एक गोळीही महागात पडते. शेण्याच्या रंगाची नाही, डांबरासारखी काळी शी दिसली तर आत रक्त जातंय असं समजायचं. बंगल्यापुढे शोभेला लावतात त्या सायकसच्या बियाही कुत्र्याच्या लिव्हरला भयंकर विषारी आहेत. पिल्लं त्या चघळतात.

दवाखान्यात काय होतं, घरी काय करायचं

पोटातलं थोडं पाणी सुईने काढून बघणं हा पहिला आणि स्वस्त तपास. लिव्हरच्या आतल्या अडथळ्याने साठलेलं पाणी बहुधा स्वच्छ आणि कमी प्रथिनाचं असतं. हृदयाच्या आजारातलं पाणी जास्त प्रथिनाचं, कधी लालसर असतं. गढूळ, घाण वासाचं निघालं तर पोटात जंतुसंसर्ग. मग रक्त, अल्ब्युमिन, लघवी. लिव्हरचं काम मोजायला उपाशीपोटी एकदा आणि खाल्ल्यावर दोन तासांनी एकदा रक्त घेऊन त्यातली पित्ताम्लं बघतात. यासाठी सकाळी कुत्र्याला उपाशी न्यावं लागतं, हे आधी विचारून जावं, नाहीतर हेलपाटा पडतो. एक गोष्ट लक्षात ठेवायची. रक्तातले लिव्हरचे नेहमीचे आकडे जवळजवळ ठीक दिसूनही आत दुखणं असू शकतं. त्यामुळे एका रिपोर्टवर समाधान मानू नये.

सोनोग्राफी तालुक्याला कुत्र्यांसाठी मिळेलच असं नाही. जिल्ह्याच्या पशुवैद्यकीय सर्वचिकित्सालयात चौकशी करावी. तिथूनही पुढे पाठवलं तर परभणीचं पशुवैद्यकीय महाविद्यालय आपल्या बाजूला आहे, पुण्याकडच्यांना शिरवळ, मुंबईकडच्यांना परळ. जनावर हलवता येत नसेल तर १९६२ या टोल फ्री क्रमांकावर फिरत्या पशुवैद्यकीय पथकाची चौकशी करता येते.

औषधांत पाणी उतरवायला स्पायरोनोलॅक्टोन असतं, गरजेप्रमाणे दुसरी लघवीची गोळी जोडतात. ती दुसरी गोळी मनाने वाढवली तर अंगातलं पोटॅशियम घटतं आणि भ्रमिष्टपणा उलट वाढतो. पोटातलं सगळं पाणी एकदम काढून टाका, असा आग्रह धरणारे मालक असतात. श्वास कोंडत असेल तर डॉक्टर काढतात, पण त्या पाण्याबरोबर प्रथिनही जातं आणि पाणी पुन्हा भरतं. मेंदूवर परिणाम असेल तर लॅक्ट्युलोजचं सरबत देतात. माणसाला बद्धकोष्ठावर देतात तेच. ते आतड्यात अमोनियाला अडवतं आणि पोट साफ ठेवतं. शी मऊ हवी, पाण्यासारखी नको, त्या अंदाजाने डॉक्टर मात्रा ठरवतात. जठरासाठी आम्ल कमी करणारी गोळी असते. ‘डेक्सा’चं इंजेक्शन मात्र मागून घेऊ नये. दोन दिवस कुत्रं तरतरीत दिसतं, पण जठरातल्या जखमा आणि पोटातलं पाणी वाढू शकतं. तपासणीनंतर डॉक्टरांनीच ते ठरवलं तर गोष्ट वेगळी.

खाण्याचं पथ्य गावात जास्त सोपं आहे. मटणाची हाडं, कलेजी, उरलेली भाजी-आमटी बंद. त्यातलं मीठ पाणी धरून ठेवतं आणि कांदा-लसूण तर कुत्र्याला एरवीही चालत नाही. फरसाण, पापड, बिस्किटं बंद. बिनमिठाचा मऊ भात, दही, पनीर, उकडलेलं अंडं, थोडी मुगाची डाळ, असं दिवसातून चार-पाच वेळा थोडं थोडं. प्रथिन पूर्ण तोडायचं नाही. पिल्लाची वाढ चालू असते, प्रथिन तोडलं तर उरलेलं मांसही झडतं. फक्त ते मटणाऐवजी दुधा-अंड्याचं आणि डाळीचं द्यायचं.

यातलं किती कुत्रं जगतं, हा प्रश्न प्रत्येक मालक विचारतो. उत्तर कारणावर आहे. लिव्हर स्वतःला भरून काढणारा अवयव आहे, विषाचा मारा वेळेत थांबला तर पुष्कळ सावरतो. शिरांची रचनाच अपुरी असलेली काही कुत्री औषध आणि पथ्यावर वर्षानुवर्षं जगतात. आतून दगडासारखं कडक झालेलं लिव्हर परत मऊ होत नाही. अशा कुत्र्यापासून वीण मात्र घेऊ नये, आणि पिल्लू विकत घेताना सगळी भावंडं एकत्र बघावीत. सगळ्यात खुजं, खाल्ल्यावर सुस्त पडणारं पिल्लू अर्ध्या किमतीत मिळतंय म्हणून उचलू नये.

सुरुवातीला सांगितलेल्या लॅब्राडॉरच्या सोनोग्राफीत लिव्हर लहान आणि डाव्या मूत्रपिंडाजवळ नागमोडी शिरा दिसल्या. लिव्हरचा तुकडा काढून तपासायचा खर्च आणि धोका बघून मालकाने औषधावर ठेवायचं ठरवलं. वस्तीवरचा काळपट मक्याचा भरडा उकिरड्यात खोल खड्डा करून पुरला. दर रविवारी शिंप्याच्या टेपने पिल्लाच्या पोटाचा घेर मोजतात आणि भिंतीवरच्या कॅलेंडरवर तारखेखाली लिहितात. पहिल्या रविवारी ७४ सेंटिमीटर होता, सहाव्या रविवारी ६६. सातव्या रविवारी लग्नाला गेले होते, तो चौकोन रिकामा आहे.